पायरीपासून फाटकापर्यंत

लिफ्टकाकांच्या घराची पायरी उतरली की फाटकापर्यंत काँक्रीटची वाट होती आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन जुने शिरीष. झाडं घराच्याही आधीची. घर बांधताना ती आड येत नव्हती म्हणून राहिली, आणि फाटकाला दुसरी जागाच नव्हती म्हणून वाट त्यांच्यामधून काढावी लागली. तेव्हा कुणाच्या मनातही आलं नव्हतं की झाडं वाढतील तशी त्यांची मुळंही जाड होतील. पुढे काँक्रीटला आधी केसाएवढी चीर पडली, मग बोट जाईल एवढी भेग, आणि मग एकेक तुकडा असा उचलला गेला की वाट कुणीतरी खालून ढुशी दिल्यासारखी दिसायला लागली. पृष्ठभागही झिजून खडी उघडी पडली होती. घरात येणारा प्रत्येक माणूस एकदा तरी ठेचकाळायचा आणि काका आतून म्हणायचे, "जपून."

काकांचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. गल्लीत त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. लिफ्ट मजल्यावर थांबली की तिची कड आणि मजल्याची कड एका रेषेत यायला हवी, यासाठी त्यांनी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि मदतनिसांना दिल्याही होत्या. घरीही त्यांना वाकडं खपत नसे. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं तर ताटावरून उठत. पण बाहेरच्या वाटेचं मात्र आज करू, उद्या करू असं चाललं होतं. निवृत्त झाल्यावर करू, असं ठरलं, आणि निवृत्त झाल्यावर तर सगळाच वेळ हातात होता, त्यामुळे काहीच होईना.

काकूंना गल्लीत रेडिओ म्हणत, तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग नव्हता. "रेडिओ बंद पडला तर समजा, घरात वीज नाही," असं त्याच म्हणायच्या. दुपारी शिरिषाखाली खुर्ची टाकून बसायच्या आणि पोस्टमनपासून कुत्रं फिरवणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत कुणाला तसंच पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. काका कमी बोलत, त्याचं कारण विचारलं की म्हणत, "मधे फट मिळाली तर बोलू ना."

एके सकाळी काकू न्हाणीघरात पडल्या. झटका होता. जीव वाचला; उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. काही महिन्यांनी एक शब्द परत आला. "नको."

पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा लेक आली होती. ती आधी हसली आणि मग तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेली. पण तो शब्द तसा काही कामाचा नव्हता. "चहा घेतेस?" म्हटलं की काकू "नको" म्हणायच्या आणि डावा हात कपाकडे न्यायच्या. "पंखा लावू?" "नको." लावला की समाधानाने डोळे मिटायच्या. हो म्हणायलाही नको आणि नाही म्हणायलाही नकोच. हळूहळू काकांना सवय झाली. तो शब्द त्यांच्या लेखी हुंकारासारखा झाला, आणि ते आपल्या अंदाजाने सगळं करत गेले. अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघे.

चाकाची खुर्ची आल्यावर काकांनी त्यांना रोज संध्याकाळी फाटकापर्यंत न्यायचं ठरवलं. पायरीवर फळी टाकली. चार-सहा दिवस नीट गेले. मग एकदा पुढचं चाक भेगेत अडकलं, काकांनी मागून जरा जोर लावला आणि खुर्ची पुढे कलंडली. काकू तोंडावर पडल्या. कपाळाला टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर काकांनी खुर्ची घडी करून पलंगामागे उभी केली. तेव्हापासून काकू पुढच्या खोलीच्या खिडकीशी. खिडकीतून दोन्ही शिरीष दिसत. संध्याकाळी त्यांची पानं मिटत, तोवर काकू बघत बसत.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, झाडं काढून टाका. पुन्हा काँक्रीट घाला. कशाला तो धोका?"

"झाडांना हात नाही लावायचा," काका म्हणाले. "तिला आता बघायला तेवढंच उरलंय."

"मग आई जन्मभर त्या खिडकीत बसणार का?"

दुसऱ्याच दिवशी काका एका गवंड्याला घेऊन आले. हा मिस्त्री काळा, आडव्या अंगाचा, सारखा घड्याळात बघणारा माणूस होता. त्याने वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली, उचललेल्या तुकड्यावर पाय ठेवून डोलवून बघितला आणि म्हणाला, "काका, इथं परत काँक्रीट घातलं तर परत हेच. विटा बसवा. खाली खडी, वर वाळू, आणि वाळूवर विटा. सिमेंट नाही. पाणी खाली जातं, झाडालाही मिळतं. मूळ वर आलंच तर तेवढ्या विटा उचलायच्या, वाळू सारखी करायची, परत बसवायच्या. काँक्रीट फुटलं की फुटलं. वीट हलली तर नुसती हलते."

काकांना ते पटलं. रात्री जेवण भरवताना त्यांनी काकूंना सगळं समजावून सांगितलं. लाल विटा, नागमोडी नक्षी, झाडं तशीच. "नको," काकू म्हणाल्या आणि घास घ्यायला तोंड उघडलं.

काम सुरू झालं त्या दिवशी काकांनी दारात हातांची खुर्ची मांडून काकूंना तिच्यात बसवलं, म्हणजे त्यांनाही बघता येईल. मिस्त्रीच्या दोन माणसांनी घणाने काँक्रीट फोडलं, पहारीने तुकडे उलथले. प्रत्येक घावाला काकू डाव्या हाताने खुर्चीचा हात घट्ट धरत. काका म्हणाले, "आवाजाला घाबरते. होईल सवय."

काँक्रीट निघाल्यावर खालची मुळं दिसली. इतकी वर्षं दाबली गेल्याने ती गोल राहिली नव्हती, चपटी झाली होती. काहींवर तर काँक्रीटच्या खडीचे ठसे उमटले होते. दोन्ही झाडांची मुळं वाटेच्या पोटात शिरलेली होती. काही मनगटाएवढी, दोन-तीन मांडीएवढी. मिस्त्रीने दोरी बांधली, दोरीवर पाणसळ धरून पातळी पाहिली आणि मान हलवली.

"ही राहू दिली तर इथं आणि इथं वाट जरा फुगणार. आपण हळूहळू चढवू, हळूहळू उतरवू. खुर्ची जाईल."

"आणि उतरताना पुढे कलली तर?"

"तसं काही होत नाही. धरून न्यायची."

"मागच्या वेळीही मी धरूनच होतो," काका म्हणाले.

काकांनी एक फळी त्या उंचवट्यावर ठेवली आणि पलंगामागची चाकाची खुर्ची आणून मोकळीच तिच्यावरून नेऊन पाहिली. खुर्ची गेली. परत आणली. उतारावर तिचं तोंड किंचित खाली झालं, आणि काकांना टाके घातलेलं कपाळ दिसलं. त्यांनी खुर्ची थांबवली.

"कापली तर?"

मिस्त्रीने मानेवरचा घाम पुसला. "सपाट होईल. झाडाचं मी काय सांगणार? एका बंगल्यात कापली होती, झाड अजून उभं आहे. दुसऱ्या एका ठिकाणी…" त्याने घड्याळात बघितलं. "मी गवंडी आहे काका, माळी नाही. तुम्ही सांगाल तसं करतो. फक्त काय ते आज सांगा. परवा मला दुसरीकडे जायचंय."

काका दाराशी आले. काकूंच्या खुर्चीसमोर गुडघे मोडून बसले, म्हणजे तोंड समोरासमोर येईल.

"हे बघ, वरची दोन-चार मुळं काढतोय. बाकीचं झाड तसंच. मग वाट अगदी सपाट होईल. तुला रोज फाटकापर्यंत नेईन. चालेल ना?"

"नको."

"अगं, नुसती वरवरची."

"नको," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या हाताची बोटं खुर्चीवर आवळली गेली.

ती बोटं काकांनी पाहिली. पण सकाळपासून ती तशीच आवळत होती. आणि नको तर त्या सकाळच्या चहालाही म्हणाल्या होत्या. काका उठले. गुडघ्यावरची माती झटकून मिस्त्रीला म्हणाले, "काढा."

वरवरची म्हणता म्हणता बरीच निघाली. एक कापलं की दोरीखाली दुसरं आड यायचं. खडीचा थर बसवायला खोल जावं लागलं, आणि खोल गेलं की आणखी मुळं. करवतीला ओल लागायची, कापलेल्या तोंडांतून पाणी झिरपायचं. मोठं मूळ तुटलं तेव्हा झाड हललंही नाही. काकांना त्यामुळे धीर आला. एवढ्या मोठ्या झाडाला काय फरक पडतो, असं ते मिस्त्रीला म्हणाले, आणि मिस्त्री "हां" म्हणाला.

मग खडी पडली, धुम्मसाने ठोकली, वर चाळलेली वाळू पसरली, लाकडी पट्टीने सारखी केली. विटा बसवायला लागले तेव्हा काका स्वतः ओळीत बसले. मिस्त्री रबरी हातोड्याने वीट ठोके आणि काका तिच्यावर पाणसळ ठेवत. एका विटेपायी त्यांनी मिस्त्रीला इतक्या वेळा थांबवलं की तो म्हणाला, "काका, ही वाट आहे, लिफ्ट नाही." काका त्यावर मनापासून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

वाट सुरेख झाली. बघायला गल्ली आली. काकांनी काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवलं, पायरीच्या फळीवरून उतरवलं आणि फाटकापर्यंत नेलं. चाक कुठेही अडखळलं नाही. काकूंनी खाली विटांकडे बघितलं, मग मान जेवढी मागे जाई तेवढी नेऊन वर फांद्यांकडे. फाटकाशी शेजारच्या वहिनी आल्या, त्यांचा हात हातात घेऊन बोलत बसल्या. सगळ्या गल्लीच्या बातम्या सांगितल्या, जशा पूर्वी काकू त्यांना सांगत. काकू मधून मधून "नको" म्हणत आणि वहिनी पुढचं सांगत.

तो हिवाळा चांगला गेला. रोज संध्याकाळी फाटक. कुत्रं फिरवणारा म्हातारा थांबायचा, कुत्रं काकूंच्या मांडीवर तोंड ठेवायचं. काकूंचं वजन थोडं वाढलं. लेक येऊन गेली, आणि जाताना म्हणाली, "बाबा, झाडं काढा म्हणाले होते मी. बरं झालं माझं ऐकलं नाहीत."

ऊन तापायला लागलं तेव्हा झाडांना नवी पालवी यायला हवी होती. डावीकडच्या झाडाला आली, पण बारकी आणि फिकी. उजवीकडच्याला वाटेकडच्या फांद्यांवर आलीच नाही. शेंड्याला काड्या दिसायला लागल्या. काकांनी बादल्यांनी पाणी घातलं. रोपवाटिकेतून खत आणलं, भोकं पाडून घातलं. कुणी म्हणालं ताक घाला, ताक घातलं. कुणी म्हणालं खोडाला चुना लावा, चुना लावला. सकाळी उठून ते आधी वर बघत आणि मग तोंड धूत. जी पानं होती ती संध्याकाळी मिटत आणि सकाळी त्यांतली काही उघडत नसत.

एका संध्याकाळी काका काकूंना घेऊन फाटकापासून परत फिरले होते. पायरीशी पोचतात तोच मागे काहीतरी कडाडलं. वळून पाहिलं तर मांडीएवढी वाळलेली फांदी वाटेवर आडवी. विटांचे तुकडे उडाले होते. आत्ताच जिथून खुर्ची आली तिथेच. वहिनी अजून फाटकाबाहेरच उभ्या होत्या. काकांचे हात खुर्चीवरून सुटेनात.

झाडं बघणारा सरकारी माणूस आला. त्याने खोडाला हातोडीने ठोकून ऐकलं, वाटेकडे पाहिलं, विटांकडे पाहिलं.

"या बाजूची मुळं कुणी कापली?"

"मी," काका म्हणाले.

"दोन्ही झाडांची?"

"हो."

तो माणूस रागावला नाही. रागावला असता तर काकांना बरं वाटलं असतं. "आता काही उपाय नाही. दोन्ही काढावी लागतील, वारे सुटायच्या आत. एका बाजूला धरायलाच काही नाही त्यांना. आणि तोवर आजींना झाडांखाली आणू नका."

ज्या वाटेसाठी सगळं केलं, ती आता सपाट होती आणि तिच्यावरून जाता येत नव्हतं.

झाडं काढायला माणसं आली त्या दिवशी काकूंना कुठे दुसरीकडे ठेवावं, असं काकांच्या मनात होतं. पण वहिनींच्या घराला पायऱ्या होत्या, आणि बाकी कुणाकडे सांगायचं म्हणजे सगळी कथा सांगावी लागणार. काकू खिडकीशीच राहिल्या. पहिली फांदी पडली आणि त्या "नको" म्हणाल्या. दुसरी पडली, पुन्हा म्हणाल्या. मग करवतीचा आवाज थांबो न थांबो, त्या म्हणतच राहिल्या, एकाच सुरात, दार ठोठावत राहावं तसं. माणसं खिडकीकडे बघून एकमेकांकडे बघत. काकांनी खिडकी लावली, पडदा ओढला. तरी ते थांबलं नाही. दुपारपर्यंत काकूंचा घसा बसला आणि नुसते ओठ हलायला लागले.

काका त्यांच्यासमोर गुडघे मोडून बसले.

"अगं," ते म्हणाले, "तेव्हाही तू हेच म्हणत होतीस का? मी विचारलं तेव्हा?"

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग बसलेल्या घशाने म्हणाल्या, "नको."

त्याचा अर्थ हो होता, नाही होता, की हे आता विचारू नका असा होता, ते काकांना कळलं नाही. त्यांनी दोनदा-तीनदा पुन्हा विचारलं. काकूंनी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी ट्रक फाटकाशी आला. खोडांचे ओंडके विटांवरून ओढत नेले, वाट जागोजागी दबली. ट्रक गेल्यावर काकांनी पडदा उघडला तर खोलीत एवढा उजेड आला की भिंतीवरचे ओलीचे डाग, कपाटामागची जळमटं, सगळं उघडं पडलं. काकूंनी तोंड फिरवलं.

त्यानंतर त्या बोलल्या नाहीत. तो एक शब्दही नाही. डॉक्टरांनी तपासलं, नवा झटका नव्हता. "कधी कधी पेशंटच सोडून देतो," असं ते काकांना बाहेर नेऊन म्हणाले. सावली नसल्याने विटा दिवसभर तापत आणि संध्याकाळीही धग सोडत. तरी काकांनी एक-दोनदा खुर्ची बाहेर काढली. काकू फाटकाशी डोळे मिटून बसत. वहिनी आल्या तरी उघडत नसत. कुत्र्याने मांडीवर तोंड ठेवलं तेव्हा हात उचलला नाही. काही दिवसांनी त्यांना बसतं ठेवणंही जमेना. एका बाजूला कलायच्या. मग पलंगच.

लेक येऊन राहिली. म्हणाली, "दोघंही माझ्याकडे चला." काकांनी नकारार्थी मान हलवली. तिने समजावलं, रागावून पाहिलं. जायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात भांडी घासताना म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्यासाठीच केलंत."

"हो," काका म्हणाले. "तेच तर."

पाऊस येऊन गेला आणि वाट खचायला लागली. आधी एका बुंध्याजवळ बशीएवढा खड्डा, मग दुसऱ्या, मग मधूनच. काकांनी विटा उचलून वाळू भरली आणि पुन्हा बसवल्या. महिन्याभरात त्याच जागी पुन्हा खड्डा. त्यांनी मिस्त्रीला बोलावलं. तो जवळच्याच कामावरून आला. झाडं नाहीत हे त्याला ठाऊक नव्हतं. फाटकात उभा राहून क्षणभर आपण चुकीच्या घरी आलो की काय असं बघत राहिला. मग आत आला आणि एक वीट काढून खाली हात घातला. हाताला काळा भुगा लागून आला.

"मुळं कुजतायत," तो म्हणाला. "आतली सगळी. पोकळी होते आणि जमीन बसते."

"किती दिवस बसेल?"

"सांगता येत नाही. जुनी झाडं होती. चार वर्षं, पाच वर्षं. आत्ता कितीही केलं तरी ते फुकट जाईल. सगळं बसून गेलं की एकदाच करू."

"बरं," काका म्हणाले.

मिस्त्रीने ती वीट जागेवर ठेवली, पायाने दाबली. ती थोडी डुगडुगली. त्याने खिडकीकडे पाहिलं, पडदा ओढलेला होता. "काकू कशा आहेत?"

"झोपून आहे."

"मी तेव्हा म्हणालो होतो…" मिस्त्रीने सुरुवात केली, आणि मग आपण नेमकं काय म्हणालो होतो ते आठवून हाताला लागलेला काळा भुगा झटकायला लागला. काकांनी आतून पाण्याचा तांब्या आणला. मिस्त्री पायरीवर बसून पाणी प्यायला, त्याने घड्याळात बघितलं नाही, तांब्या खाली ठेवला आणि येतो म्हणून निघाला. फाटकापर्यंत जाताना दोनदा त्याचा पाय खड्ड्यात गेला.

काका आत आले. काकूंना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. पाठीला जखम व्हायला लागली होती, डॉक्टरांनी हयगय करू नका म्हणून बजावलं होतं. त्यांनी एक हात मानेखाली घातला, एक कमरेखाली. काकू इतक्या हलक्या झाल्या होत्या की आता जोर लावावा लागत नव्हता. काकांनी त्यांना भिंतीच्या बाजूला वळवलं, पाठीशी उशी लावली, चादर सारखी केली, आणि स्टूल ओढून तिथेच बसले.